सरोवराचा ताळेबंद आणि गाळाची बाकी

अमेरिकेच्या उत्तरेकडील विस्कॉन्सिन संस्थानाची राजधानी मॅडिसन ही ज्या सरोवराच्या काठी वसली आहे त्या मेंडोटाचे नाव आपल्याकडच्या सुशिक्षितांच्याही कानांवरून सहसा गेलेले नसते. परंतु सुमारे ४० चौरस किलोमीटर विस्ताराचे आणि सर्वांत खोल जागी २५ मीटर खोल असलेले हे पाणी ज्या चिकाटीने मोजले, तपासले आणि लिहून ठेवले गेले, त्या चिकाटीने जगातली फार थोडी सरोवरे मोजली गेली असतील. तेथील विद्यापीठाचे एडवर्ड बर्ज, त्यांचे सहकारी चान्सी ज्युडे आणि गणिताचे अध्यापक हर्मन मार्च या तिघांनी १९२७ साली एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषय मात्र मेंडोटाचे पाणी हा नसून त्या पाण्याखालच्या गाळाचे तापमान हा होता. विद्यापीठाचे अध्यक्षपद भूषवलेला एक वयोवृद्ध विद्वान गृहस्थ भर हिवाळ्यातही बर्फाला भोक पाडून चिखलातली उष्णता मोजवून घेतो, हे ऐकून ज्याला हसू येईल त्याला मी दोष देणार नाही.

माझ्या परिचयाच्या दोन वडीलधाऱ्या गृहस्थांत या निबंधावरून जो वाद झाला तो येथे देतो. एक प्राध्यापक, पदार्थविज्ञान शिकवण्यात हयात घालवलेले. दुसरे रावसाहेब, मामलेदारीतून निवृत्त झालेले. चिखलाची बाजू शास्त्रज्ञाने घ्यावी आणि त्याची टवाळी मामलेदाराने करावी, अशी वाचकांची अपेक्षा असेल. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलट.

प्राध्यापक : बर्जविषयी माझ्या मनात आदर आहे, रावसाहेब, पण तो १९१६ सालच्या बर्जविषयी. त्या वर्षी त्याने सरोवर तापवण्यात वाऱ्याचा वाटा किती, हे मोजून दाखवले, आणि माझ्या मते सरोवराच्या उष्णतेविषयी सांगण्यासारखे जे आहे ते त्यात आले. सूर्याची उष्णता पाण्याच्या वरच्या एक-दोन मीटरांतच बहुतेक शोषली जाते, आणि स्थिर पाणी हे उष्णतेचे इतके मंद वाहक आहे की वारा नसता तर भर उन्हाळ्यातही दहा मीटरांखाली हिवाळाच नांदत राहिला असता. एप्रिलच्या सुरुवातीला मेंडोटाचा बर्फ फुटतो तेव्हा सगळे पाणी वरपासून खालपर्यंत तीन-चार अंशांच्या आसपास असते. वारा त्याला ढवळतो, वर मिळालेली ऊब खाली नेतो, आणि हे काम मे महिन्यापर्यंत बरेचसे सुरळीत चालते. पुढे वरचा थर इतका उबदार आणि म्हणून इतका हलका होतो की वाऱ्याला त्याला खाली दाबता येत नाही. ऑगस्टमध्ये पृष्ठभागावर २४-२५ अंश सेंटिग्रेड, आठ-दहा मीटर खाली तापमानाची एकाएकी घसरण, आणि तळाशी दहा-बारा अंश, अशी व्यवस्था कायम होते. या घसरणीच्या थराला थर्मोक्लाइन हे नाव बर्जनेच रूढ केले.

रावसाहेब : म्हणजे वारा हा तुमचा पाटकरी. पाणी कोणाच्या शेतात किती जायचे ते तो ठरवणार.

प्राध्यापक : तसे म्हणा. हिवाळ्याच्या नीचांकापासून उन्हाळ्याच्या उच्चांकापर्यंत मेंडोटाच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरखालच्या पाण्यात सुमारे २४,००० उष्मांक जमा होतात. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवण्यास लागते ती उष्णता म्हणजे एक उष्मांक, हे तुम्हांला सांगायला नकोच. आता याच अवधीत खालच्या गाळात किती जाते? दोन हजारांच्या आसपास. म्हणजे पाण्याच्या हिशेबाचा दहावा हिस्सादेखील नाही. कोणत्याही गणितात पहिल्या पायरीला आम्ही एवढी रक्कम सोडून देतो. तिच्यासाठी लांबलचक नळ्या चिखलात पाच-पाच मीटर खुपसण्याचा खटाटोप म्हणजे हत्ती मोजून झाल्यावर त्याच्या अंगावरची धूळ तोलण्यासारखे आहे.

रावसाहेब : रक्कम तुम्ही सांगितलीत. तारीख सांगितली नाहीत.

प्राध्यापक : तारीख?

रावसाहेब : जमा कधी आणि वसुली कधी. माझ्या तालुक्याच्या जमाबंदीपुढे तगाईची रक्कम अशीच किरकोळ असे, वरचे साहेब तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. पण ज्येष्ठात पेरणीच्या तोंडावर कुणब्याच्या हाती पडलेले पन्नास रुपये आणि मार्गशीर्षात खळे झाल्यावर मिळालेले पाचशे, यांत कोणते मोठे हे ज्याने दुष्काळी वर्ष दप्तरात पाहिले आहे त्याला विचारा. तुमचा गाळ ते दोन हजार परत कधी करतो?

येथे प्राध्यापक किंचित थांबले. माझी समजूत अशी की, उत्तर त्यांना ठाऊक होते. ते दिल्याने वाद कोणीकडे वळेल हेही ठाऊक होते.

प्राध्यापक : बराचसा भाग हिवाळ्यात. वीस डिसेंबरच्या सुमारास मेंडोटा गोठते, म्हणजे वरून झाकण बसते; वारा बाद होतो, आणि बर्फावर हिम साचले की ऊनही जवळजवळ बाद होते. त्यानंतर बर्फ फुटेपर्यंत, तीन-साडेतीन महिने, पाण्याला उष्णता मिळण्याचे जे मार्ग उरतात त्यांत तळाचा गाळ हा मुख्य आहे, हे मला मान्य करावे लागेल.

रावसाहेब : मुख्य! आणि तुम्ही तो पहिल्या पायरीला सोडून देता.

प्राध्यापक : थांबा. त्या अवधीत गाळातून हजार उष्मांक वर आले असे धरू. मेंडोटाची सरासरी खोली बारा मीटरांच्या घरात. बाराशे ग्रॅम पाण्यावर हजार उष्मांक वाटले तर तापमान एका अंशानेही वाढत नाही.

रावसाहेब : वाटले तर. वाटणारा पाटकरी तर तुम्ही नुकताच बडतर्फ केलात. मग ती उष्णता सगळ्या पाण्यात वाटतो कोण?

हा प्रश्न मला फार मार्मिक वाटला, आणि प्राध्यापकांनाही तो तसा वाटला असावा. कारण त्यानंतर त्यांचा स्वर वकिलाचा न राहता शिक्षकाचा झाला, आणि त्यांची खरी योग्यता त्याच स्वरात दिसते.

प्राध्यापक : कोणी वाटत नाही, ती तळाशीच राहते. याचे कारण पाण्याचा एक विलक्षण स्वभाव. इतर बहुतेक द्रव थंड होतील तसतसे जड होत जातात. पाणी मात्र चार अंशांपर्यंतच जड होते, आणि त्याखाली पुन्हा हलके होऊ लागते. म्हणून हिवाळ्यात सगळा क्रम उलटा: बर्फाला लागून शून्य अंशाचे पाणी, आणि तळाशी त्यातल्या त्यात उबदार, दोन-तीन अंशांचे. गाळाने या तळच्या पाण्याला थोडी ऊब दिली की ते हलके होऊन वर उठण्याऐवजी अधिक जड होते आणि तळाला अधिकच चिकटून बसते. दोन हजार उष्मांकांत पंचवीस सेंटिमीटरांहून अधिक जाडीचा बर्फ वितळू शकतो, एका ग्रॅमला ऐंशी या हिशेबाने. पण बर्फापर्यंत ही रक्कम फारशी पोहोचतच नाही.

रावसाहेब : आणि उथळ जागी जी ऊब निघाली ती?

प्राध्यापक : तिचे मोठे मौजेचे होते. काठाजवळ चार-पाच मीटर पाण्याखालचा गाळ उन्हाळ्यात वरच्या गरम पाण्याच्या संगतीत असतो, म्हणून त्याने साठवलेली उष्णता खोल जागच्या गाळापेक्षा पुष्कळ अधिक. हिवाळ्यात तो भोवतालच्या पाण्याला तापवतो, ते पाणी जड होते, आणि उतारावरून हळूहळू सरोवराच्या सखल भागाकडे घसरू लागते. स्वीडनच्या उत्तर टोकाला टोर्नेट्रेस्क नावाचे सरोवर आहे; तेथे मॉर्टिमर आणि मॅकेरेथ यांनी बर्फाखालच्या अशा प्रवाहांचे विवेचन १९५८ साली केले. प्रवाह इतका मंद की डोळ्यांना दिसणार नाही. पण वारा नाही, ऊन नाही, अशा बंद पाण्यात चलन आहे ते मुख्यतः एवढेच.

रावसाहेब : म्हणजे पाटकरी रजेवर गेला की कारभार गाळ पाहतो. मग धूळ कोणाच्या अंगावरची आणि हत्ती कोण, ते पुन्हा एकदा ठरवायला हवे.

प्राध्यापक : ठरवण्यापूर्वी एक शंका तुमच्याच वतीने मी काढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हिम झडते, निखळ बर्फातून ऊन आत शिरते, आणि बर्फाखालचे पाणी त्यानेही तापते. बर्जला हे चांगले माहीत होते. मग तळची ऊब गाळाची कशावरून?

रावसाहेब : याचे उत्तर मी दप्तरातूनच देतो. दोन कुळांपैकी पैसे कोणी भरले हे कळायचे असेल तर दोघांच्याही घरची शिल्लक पाहावी. ऊन वरून येते, तेव्हा त्याची जमा वरच्या थरात आधी दिसली पाहिजे. गाळाची जमा तळाशी आधी दिसेल. आणि गाळाने खरेच दिले असेल तर त्याच्याकडे तेवढी घट झालेली सापडेल. पण त्यासाठी गाळाचे खाते उघडलेले हवे. आणि तुमच्या म्हाताऱ्याने नळ्या चिखलात खुपसल्या त्या मला वाटते यासाठीच. दोन्ही बाजूंचा मेळ बसल्याशिवाय हिशेबावर सही करू नये, ही समज त्याला होती. तो मामलेदार झाला असता तर माझी नोकरी गेली असती.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. बर्ज हा मूळचा प्राणिशास्त्रज्ञ. पाण्यातल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कवचधारी जीवांचा अभ्यास करता करता ते जीव कोणत्या खोलीवर राहतात आणि तिथेच का राहतात, या प्रश्नाने त्याला तापमानाकडे आणि १९११ पर्यंत ज्युडेसह पाण्यात विरघळलेल्या वायूंकडे नेले. उन्हाळ्यात मेंडोटाच्या तळाशी प्राणवायू उरत नाही. गाळातले जंतू तो वापरून टाकतात, आणि त्यांचा उद्योग किती झपाट्याने चालावा हे गाळाच्या तापमानावर बरेच अवलंबून असते. गाळाचे तापमान हा ज्याला निरुपद्रवी छंद वाटेल त्याने हे लक्षात ठेवावे. या बाजूला मात्र दोघेही वादी वळले नाहीत, कारण जीवशास्त्र हा दोघांचाही प्रांत नव्हे.

रावसाहेब : आता मला हे सांगा, की उन्हाळ्याची ऊब चिखलात उतरते कशी. वारा तर तिथे पोहोचत नाही.

प्राध्यापक : नुसत्या वहनाने, कणाकडून कणाकडे. आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. तळचा मऊ गाळ म्हणजे बहुतांशी पाणीच, आणि उष्णता पुढे सारण्याची त्याची गती स्थिर पाण्याहून फारशी वेगळी नाही. म्हणजे पदार्थ जवळपास तोच. पण वर वाऱ्याने ढवळलेल्या पाण्यात काही तासांत दहा मीटर जाणारी ऊब खाली जखडलेल्या पाण्यात एक मीटर जायला आठवडे घेते. हे गणित फूरियेने १८२२ साली घालून दिले, आणि मार्चने ते मेंडोटाच्या गाळाला लावले. हिशेब असा येतो की गाळात सुमारे सव्वा मीटर खाली वर्षाचा चढउतार वरच्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक उरतो, आणि त्याला जवळजवळ दोन महिन्यांची दिरंगाई होते. वर ऑगस्टात उन्हाळा तर तिथे ऑक्टोबरात. पावणेचार मीटरांवर ही दिरंगाई सहा महिन्यांची: वर पाणी गोठलेले असताना तिथे उन्हाळा, अर्थात चढउताराचा पंचविसावा हिस्सा शिल्लक राहिलेला उन्हाळा. पाच मीटरांवर ऋतू जवळजवळ संपतात.

रावसाहेब : हे मी पाहिले आहे.

प्राध्यापक : मेंडोटात?

रावसाहेब : खानदेशात. माघातल्या पहाटे मोट चालू असताना थारोळ्यात पाणी पडले की त्यातून वाफ निघते, आणि बैल हाकणारा पोरगा धावेवरून येता-जाता त्यात हात बुडवून घेतो. तीच विहीर वैशाखात इतकी गार की दातांना कळ लागावी. कुणबी म्हणतो, विहिरीला हिवाळ्यात ऊब येते. येत काहीच नाही. जमीन खाली आपल्या जागी स्थिर असते, आणि पालटतो तो तिच्या वरचा आपण.

प्राध्यापक : बरोबर. विहीर खोल असल्यामुळे तिथे चढउतार जवळपास मिटलेला असतो, एवढेच. जमिनीतले असे मोजमाप एडिंबरोत फोर्ब्सने १८३७ पासून केले. आणि तुम्हांला बरे वाटेल म्हणून सांगतो, त्रावणकोरच्या महाराजांचा खगोलशास्त्रज्ञ काल्डेकॉट याने तिरुवनंतपुरात १८४२ ते १८४५ या वर्षांत जमिनीत तापमापक पुरून ठेवले होते. मात्र तिथे वर्षाचा चढउतारच मुळात थोडा, म्हणून खाली उतरायला फारसे काही नाही. आपल्या तळ्यांचेही तसेच: ती गोठत नाहीत, चार अंशांच्या खाली जात नाहीत, तेव्हा झाकणाखालचा तो उलटा कारभार आपल्याकडे संभवतच नाही. पण मूळ प्रश्नावर या. विहिरीची गोष्ट गोड आहे. त्याने माझ्या चोवीस हजारांना कुठे धक्का बसतो?

रावसाहेब : बसत नाही, आणि बसवायचाही नाही. सारा मोठाच असतो. त्याला कोण नाकारतो? माझा आक्षेप तुमच्या "सोडून देतो" या शब्दांवर आहे. बरे, सरोवर सर्वांत खोल आहे तिथे गाळाला उन्हाळा कधी लागतो? तिथे तर वरचे गरम पाणी ऑगस्टात पोहोचत नाही म्हणालात.

प्राध्यापक : हा प्रश्न तुम्ही विचारू नये अशी माझी इच्छा होती. तिथे उन्हाळा ऑक्टोबरात लागतो. ऑगस्टानंतर वरचे पाणी निवू लागते, थर्मोक्लाइन खाली खाली ढकलली जाते, आणि अखेर एका वादळी दिवशी सगळे सरोवर वरपासून तळापर्यंत एक होते. त्या दिवशी काठावरचा माणूस थंडीची बंडी काढीत असतो आणि तळाच्या गाळावर वर्षातले सर्वांत उबदार पाणी येऊन टेकते. मग तेही निवत जाते. तिथल्या गाळात सव्वा मीटर खाली ही ऊब पोहोचायची ती डिसेंबरात, म्हणजे जवळपास बर्फ धरतो त्याच सुमारास.

रावसाहेब : वारा ऑगस्टात त्या जागी गैरहजर, ऑक्टोबरात हजर, डिसेंबरात पुन्हा गैरहजर; आणि त्याची गैरहजेरी लागते त्याच वेळी गाळाचा हप्ता सुरू होतो. नेमणुका कोणी केल्या ते देव जाणे, पण पहारा रिकामा राहत नाही.

प्राध्यापक : यात योजना पाहू नका. तो विलंबाचा परिणाम आहे, दुसरे काही नाही.

रावसाहेब : मी योजना पाहत नाही, तारखा पाहतो. आणखी एक विचारू? पाच मीटरांवर ऋतू संपले म्हणून ते तिघे थांबले. त्याखाली काय आहे?

प्राध्यापक : त्याखाली वर्षांची सरासरी. लहर जितकी मंद तितकी ती खोल जाते: मुदत शंभरपट केली की खोली दसपट. वर्षाच्या चढउताराला जिथे पाच मीटर लागतात तिथे शतकाच्या चढउताराला पन्नास.

रावसाहेब : मेंडोटाच्या बर्फाची नोंद १८५० च्या दशकापासून आहे, आणि पूर्वी चार महिने टिकणारा बर्फ आता सुमारे तीनच महिने टिकतो, असे तुम्हीच मागे सांगितले होते. तर मग हवा तापत गेल्याची ती बाकी गाळात खाली कुठेतरी चढत असली पाहिजे. पन्नास मीटरांची नळी घाला की उघडकीला येईल.

प्राध्यापक : पन्नास मीटरांच्या पुष्कळ आधी तुमचा गाळ संपून हिमयुगाने आणून टाकलेली वाळू आणि गोटे लागतील, पण ती अडचण खर्चाची. खरी चूक तुमच्या अनुमानात आहे. बर्फ कमी म्हणून तळ उबदार, हे सिद्ध होत नाही. बर्फ उशिरा धरला तर डिसेंबरच्या गार वाऱ्याला सरोवर ढवळायला अधिक दिवस मिळतात, सगळे पाणी तळापर्यंत एका अंशाच्या आसपास उतरते, आणि मग झाकण बसते. लवकर गोठणारे सरोवर तळाशी अधिक ऊब राखून ठेवते. म्हणजे हिवाळा सौम्य झाला तर तळचा हिवाळा कडकही होऊ शकेल. उन्हाळ्यातही पृष्ठभाग लवकर तापला तर थर्मोक्लाइन लवकर बांधली जाते आणि खालचे पाणी आहे तसे थंडच राहते. तुमची बाकी जमेकडे चढते की नावे पडते, हे वरून पाहून सांगता येणार नाही.

रावसाहेब : तर मग नळी घालावीच लागेल.

प्राध्यापक : घाला. मी वर उभा राहून वारा मोजीन.